कार्थेजचा सेनापती हॅनिबल

आफ्रिका खंडाच्या उत्तर किनाऱ्यावर ट्युनिशिया नावाचा देश आहे. ट्यूनिस ही त्याची राजधानी. तिच्या शेजारीच, भूमध्य समुद्राच्या काठावर, एका प्राचीन नगरीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. घरांचे चौथरे आणि एका वर्तुळाकार बंदराच्या खुणा तेथे दिसतात. ही नगरी म्हणजे कार्थेज. आजच्या लेबनॉन देशातील टायर ह्या शहराहून आलेल्या फिनिशियन लोकांनी ती वसविली. हे लोक मोठे दर्यावर्दी होते. व्यापार हाच त्यांचा प्राण. एके काळी पश्चिम भूमध्य समुद्रावर कार्थेजच्या गलबतांचाच संचार असे.

समुद्राच्या पलीकडे इटलीमध्ये रोम ही दुसरी सत्ता उदयास येत होती. दोघांच्या मधोमध सिसिलीचे सुपीक बेट. त्या बेटावरून दोन्ही सत्तांमध्ये इ. स. पूर्व २६४ मध्ये युद्ध पेटले, ते इ. स. पूर्व २४१ पर्यंत चालले. (ख्रिस्तपूर्व वर्षे उतरत्या क्रमाने मोजतात, हे ध्यानात ठेवावे. म्हणून २६४ हे वर्ष आधीचे आणि २४१ हे नंतरचे.) तेवीस वर्षांच्या ह्या झुंजीत कार्थेजचा पराभव झाला. सिसिली हातची गेली आणि मोठी खंडणी द्यावी लागली. पुढे तीनच वर्षांनी कार्थेज अडचणीत आहे असे पाहून रोमने सार्डिनियाचे बेटही बळकावले. हा अपमान ज्यांच्या जिव्हारी लागला, त्यांत हॅमिल्कार बार्का हा सेनापती अग्रगण्य होता. बार्का ह्या शब्दाचा अर्थ वीज असा आहे. त्याला इ. स. पूर्व २४७ मध्ये पुत्र झाला. तोच हॅनिबल.

हॅनिबल नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. गमावलेल्या वैभवाची भरपाई करण्यासाठी हॅमिल्कार स्पेनच्या मोहिमेवर निघाला होता. निघण्यापूर्वी त्याने देवतेला बळी अर्पण केला. मुलगा जवळच उभा होता. मलाही बरोबर न्या, असा हट्ट त्याने धरला. पित्याने त्याला हाताला धरून वेदीपाशी नेले, त्याचा हात बळीवर ठेविला आणि रोमशी कधीही मैत्री करणार नाही, अशी शपथ त्याच्याकडून घेतली. चेंडूफळी खेळण्याच्या वयात त्या मुलाने एका राष्ट्राचे वैर माथी घेतले. पुढे म्हातारपणी ही हकीकत त्याने स्वतःच एका राजाला सांगितली, म्हणून ती जगाला ठाऊक झाली.

स्पेनमध्ये सैन्याची छावणी हेच हॅनिबलचे घर झाले. घोड्यावर बसणे, तलवार चालविणे, उघड्या माळावर झोपणे हे त्याचे शिक्षण. परंतु तो केवळ तलवारबहाद्दर झाला नाही. सोसिलस नावाच्या ग्रीक गुरूकडून तो ग्रीक भाषा शिकला आणि पुढे त्या भाषेत त्याने लेखनही केले. मोहिमेवर असतानाच पिता मरण पावला. त्याच्या मागून हॅनिबलचा मेहुणा हास्द्रुबल सेनापती झाला. इ. स. पूर्व २२१ मध्ये त्याचीही हत्या झाली. तेव्हा सैनिकांनी एकमुखाने हॅनिबलची निवड केली. त्या वेळी त्याचे वय सव्वीस वर्षांचे होते.

तो कसा होता, हे एका रोमन इतिहासकाराने लिहून ठेविले आहे. हॅनिबल रोमचा शत्रू, म्हणून ह्या इतिहासकाराने त्याला क्रूर आणि कपटी ठरविण्यात काही कसर ठेवली नाही. तरीही त्याला कबूल करावे लागले, की हा सेनापती भूक भागेल इतकेच खाई, काम संपल्यावर उरेल तेवढ्याच वेळात झोपे आणि पहारेकऱ्यांच्या शेजारी झगा पांघरून जमिनीवर पडे. लढाईत तो सर्वांच्या पुढे असे आणि परतताना सर्वांच्या मागे असे. त्याच्या सैन्यात आफ्रिकेचे, स्पेनचे, पुढे गॉल प्रांताचेही लोक होते. त्यांच्या भाषा निराळ्या आणि देव निराळे. तथापि परमुलुखात सोळा वर्षे काढूनही ह्या सैन्याने आपल्या सेनापतीविरुद्ध कधी बंड केले नाही.

इ. स. पूर्व २१९ मध्ये हॅनिबलने स्पेनमधील सागुंटम ह्या शहराला वेढा घातला. ह्या शहराचे रोमशी सख्य होते. आठ महिन्यांनी ते पडले आणि रोमने कार्थेजविरुद्ध युद्ध पुकारले. एक सेना स्पेनला व दुसरी आफ्रिकेला पाठवावी, असा रोमचा बेत होता. समुद्रावर आता रोमचे आरमार प्रबळ होते. त्यामुळे कार्थेजच्या सेना घरच्या रक्षणात गुंतून पडतील, अशी त्यांची अटकळ होती.

हॅनिबलने निराळाच विचार केला. रोमचे खरे बळ त्याच्या तटबंदीत नव्हते. इटलीतील अनेक नगरे तहाने रोमला बांधलेली होती. युद्धप्रसंगी ती आपले तरुण रोमच्या सैन्यात धाडीत. म्हणून एक सेना बुडाली, की दुसरी उभी राही. इटलीत शिरून रोमला एकदोन जबर पराभव दाखविले, तर ही मित्रनगरे त्याला सोडून जातील, असा हॅनिबलचा हिशेब होता. पण इटलीत शिरावयाचे कसे? समुद्र बंद होता. जमिनीची वाट पिरेनीज पर्वत, रोन नदी आणि आल्प्सची हिमाच्छादित रांग ह्यांनी अडविलेली होती. ह्या वाटेने सेना येईल, हे रोमला स्वप्नातही खरे वाटले नसते. म्हणूनच हॅनिबलने ती वाट धरली.

इ. स. पूर्व २१८ च्या उन्हाळ्यात तो निघाला. रोन नदीच्या तीरावर पोहोचला, तेव्हा पैलतीरावर गॉल टोळ्या शस्त्रे परजून उभ्या होत्या. हॅनिबलने एक तुकडी रात्री गुपचूप नदीच्या वरच्या अंगाला पाठविली. ती दूरवर नदी ओलांडून शत्रूच्या पाठीमागे आली आणि तिने धुराची खूण केली. ती दिसताच हॅनिबलने नावा पाण्यात लोटल्या. समोरून आणि मागून एकाच वेळी हल्ला झाल्यामुळे गॉल लोक उधळले.

आता प्रश्न होता हत्तींचा. सैन्यात ३७ हत्ती होते आणि ते पाण्याला बुजत. हॅनिबलने मोठाले तराफे एकापुढे एक बांधून काठापासून नदीत धक्का तयार करविला आणि त्यावर माती पसरविली. आपण जमिनीवरूनच चाललो आहोत, असे हत्तींना वाटावे हा हेतू. पुढे हत्तिणी चालविल्या आणि मागून हत्ती गेले. शेवटचे तराफे दोर कापून नावांनी ओढले, तेव्हा काही हत्ती घाबरून नदीत पडले. त्यांचे माहूत बुडाले. पण हत्तींनी सोंडा पाण्याबाहेर काढून श्वास घेतला आणि ते तळावरून चालत पैलतीर गाठून बाहेर आले. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्रीक इतिहासकार ह्या माहुतांना भारतीय असे म्हणतो. शिकंदराच्या सैन्याने इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या तीरी पोरसाचे हत्ती पाहिले. तेव्हापासून पश्चिमेकडील सेनांत हत्ती आले आणि माहूत कोणत्याही देशाचा असला, तरी त्याला भारतीय म्हणण्याचा प्रघात पडला.

पुढे आल्प्स. थंडीचे दिवस जवळ आले होते. शिखरांवर नवे हिम पडू लागले होते. अरुंद वाटांच्या एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस खोल दरी. वरून पहाडी टोळ्या धोंडे लोटीत. ओझ्याची जनावरे घसरत आणि सोबतच्या माणसांना घेऊन दरीत जात. नवव्या दिवशी सेना घाटमाथ्यावर पोहोचली. सैनिकांचे चेहरे उतरलेले पाहून हॅनिबलने त्यांना एका उंचवट्यावर बोलाविले आणि खाली दूरवर पसरलेले इटलीचे मैदान दाखविले. पण उतरण चढणीहूनही बिकट निघाली. एके ठिकाणी दरड कोसळून वाटच नाहीशी झाली होती. तेथे बर्फ उपसून व कडा फोडून नवी वाट काढण्यास सैनिकांनी प्रारंभ केला. घोड्यांपुरती वाट एका दिवसात झाली. हत्तींसाठी आणखी तीन दिवस खपावे लागले. तोवर ती बिचारी जनावरे उपाशी होती, कारण त्या उंचीवर गवताची काडीही उगवत नव्हती.

पंधरा दिवसांत आल्प्स ओलांडला गेला, पण त्याची किंमत भयंकर होती. रोन नदी ओलांडून पुढे निघाला तेव्हा हॅनिबलबरोबर सुमारे ३८,००० पायदळ आणि ८,००० हून अधिक घोडदळ होते. इटलीच्या मैदानात उतरले ते २०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ. हा दुसरा आकडा हॅनिबलने स्वतः पुढे एका मंदिरात ब्राँझच्या पत्र्यावर कोरून ठेविला होता. गमावलेल्या माणसांची संख्या दडविणारे सेनापती पुष्कळ असतात. ह्याने आपले उरलेले मनुष्यबळ धातूवर लिहून ठेविले.

रोममध्ये राजा नव्हता. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात. तेच मुख्य कारभारी आणि तेच सेनापती. हॅनिबल इटलीत उतरल्याचे ऐकताच कॉन्सल धावून आले. ट्रेबिया नदीकाठी ऐन डिसेंबरात गाठ पडली. हॅनिबलने आपल्या सैनिकांना शेकोटीपाशी बसवून पोटभर जेवू घातले व अंगाला तेल चोळावयास दिले. मग थोडे घोडेस्वार पाठवून त्याने रोमन सेनेला डिवचले. रोमन सैनिक न्याहारी न करताच छावणीबाहेर पडले आणि छातीइतक्या गार पाण्यातून नदी ओलांडून आले. त्यांची बोटे इतकी काकडली होती, की शस्त्र धरवेना. तेवढ्यात ओढ्याच्या झुडपांत दडविलेली हॅनिबलची दोन हजारांची तुकडी त्यांच्या पाठीवर तुटून पडली. ही लढाई निम्मी तलवारीने आणि निम्मी न्याहारीने जिंकली, असे म्हटले तरी चालेल.

त्या हिवाळ्यात एक सोडून सारे हत्ती थंडीने मेले. वसंत ऋतूत हॅनिबलने शत्रूला चकविण्यासाठी आर्नो नदीच्या दलदलीतून वाट काढली. चार दिवस व तीन रात्री सैन्य पाण्यातून चालत होते. मेलेल्या जनावरांच्या अंगावर पडून माणसे क्षणभर डोळा लावीत. हॅनिबलला डोळ्यांचा विकार जडला. थांबून उपचार करावयास वेळ नव्हता. उरलेल्या एकुलत्या एक हत्तीवर बसून तो दलदलीबाहेर आला, तेव्हा त्याच्या एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली होती.

उरलेल्या डोळ्याने मात्र त्याने भूमी अचूक पाहिली. इ. स. पूर्व २१७ च्या जून महिन्यात ट्रासिमीन सरोवराच्या काठी त्याने आपली सर्व सेना टेकड्यांवर दडविली. खाली सरोवर आणि टेकड्या ह्यांच्यामध्ये अरुंद रस्ता. सकाळी दाट धुके होते. कॉन्सल फ्लामिनियस पुढे टेहळे न धाडताच त्या रस्त्यात शिरला. धुक्यातून तिन्ही बाजूंनी आरोळी उठली. कॉन्सलसह सुमारे १५,००० रोमन तेथे पडले.

रोमने आता फाबियस नावाच्या वृद्ध सरदाराला सर्वाधिकारी नेमले. त्याने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. समोरासमोर लढावयाचेच नाही. डोंगराच्या कडेने हॅनिबलच्या मागे राहावयाचे, त्याची रसद तोडावयाची आणि त्याला दमवावयाचे. एकदा तर त्याने हॅनिबलला एका खोऱ्यात कोंडले व बाहेर पडण्याची खिंड रोखून धरली. तेव्हा हॅनिबलने सुमारे दोन हजार बैल जमविले, त्यांच्या शिंगांना काटक्यांच्या मोळ्या बांधविल्या आणि मध्यरात्री त्या पेटवून बैलांना डोंगराकडे हाकलले. डोंगरावर हजारो मशाली धावताना पाहून खिंडीतले रोमन पहारेकरी तिकडे पळाले. खिंड मोकळी झाली आणि हॅनिबल सैन्यासह शांतपणे निसटला. शिवछत्रपती आणि कात्रजचा घाट ह्यांची अशीच कथा आपल्याकडे सांगतात, ती तुम्ही ऐकली असेलच.

फाबियसची दिरंगाई रोमच्या लोकांना पसंत पडेना. त्यांनी आजवर कधी उभारली नव्हती एवढी मोठी सेना उभारली. तीत सुमारे ८०,००० पायदळ व ६,००० घोडदळ होते. हॅनिबलजवळ ४०,००० पायदळ व १०,००० घोडदळ. इ. स. पूर्व २१६ च्या ऑगस्टच्या २ तारखेला कॅनी गावाजवळ उघड्या मैदानात दोन्ही सेना भिडल्या. हॅनिबलने मधली फळी पुढे झुकलेल्या चंद्रकोरीसारखी मांडली आणि तिच्या दोन्ही टोकांना कसलेले आफ्रिकी पायदळ उभे केले. रोमन सेना पुढे रेटू लागली. मधली फळी हळूहळू मागे सरली, पण फुटली नाही. आपण जिंकत आहोत, ह्या समजुतीने रोमन अधिकाधिक आत शिरले. मग दोन्ही बाजूंचे आफ्रिकी सैनिक आत वळले. रोमन घोडदळाला उधळून आलेल्या हॅनिबलच्या स्वारांनी पाठीमागचे दार बंद केले. चारी बाजूंनी कोंडी झाली. गर्दी इतकी दाटली, की तलवार उगारावयास जागा राहिली नाही. सूर्य मावळेपर्यंत जवळजवळ पन्नास हजार माणसे पडली होती. काही इतिहासकार तर ह्याहूनही मोठा आकडा देतात. थोड्या सेनेने मोठ्या सेनेला वेढावे, ही ह्या लढाईची नवलाई. जगातील सैनिकी विद्यालयांत आजही तिचा अभ्यास होतो.

विजयाची वार्ता घेऊन हॅनिबलचा भाऊ मागो कार्थेजला गेला. मेलेल्या रोमन सरदारांच्या बोटांतील सोन्याच्या अंगठ्यांची रास त्याने राजसभेपुढे ओतली. सभेत आनंदाचा जल्लोष झाला. तेव्हा हानो नावाच्या एका विरोधकाने उठून त्याला दोनतीन साधे प्रश्न विचारले. रोमच्या शेजारची लॅटिन नगरे रोमला सोडून आली काय? एखादा रोमन नागरिक फितूर झाला काय? तहाची याचना करावयास रोमचा वकील आला काय? मागोला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नाही असेच द्यावे लागले. अंगठ्यांच्या त्या राशीपुढे हे नकार कोणाला ऐकू गेले असतील? पण ह्या युद्धाचे भवितव्य त्या नकारांत होते.

रोममध्ये त्या वेळी घराघरांत सुतक होते. तरीही सेनेटने शोकाची मुदत तीस दिवसांची ठरविली. कैद्यांना मोबदला घेऊन सोडण्याची हॅनिबलची तयारी होती. रोमने ते नाकारले. आठ हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. हरलेला कॉन्सल वॅरो परतला, तेव्हा त्याला शासन न करता लोक वेशीवर सामोरे गेले आणि त्याने राष्ट्राविषयी आशा सोडली नाही, म्हणून त्याचे आभार मानले गेले. कापुआसारखी दक्षिणेची काही मोठी नगरे हॅनिबलला मिळाली खरी. परंतु बहुतेक मित्रनगरांनी रोमची साथ सोडली नाही. हॅनिबलने डोंगर, नदी, धुके आणि थंडी ह्यांचे गणित अचूक मांडले होते. ह्या नगरांच्या निष्ठेचे गणित मात्र त्याला साधले नाही.

ह्यानंतर आणखी तेरा वर्षे तो इटलीत राहिला. एकदा, इ. स. पूर्व २११ मध्ये, तो थेट रोमच्या वेशीपाशी आला. असे सांगतात, की त्याचा तळ ज्या जमिनीवर पडला होता, नेमकी तीच जमीन त्या दिवसांत रोममध्ये विकली गेली आणि तिला पुरी किंमत आली! त्याच वर्षी कापुआ पडले. इ. स. पूर्व २०७ मध्ये हॅनिबलचा धाकटा भाऊ हास्द्रुबल मदतीसाठी आल्प्स ओलांडून आला. पण दोघा भावांची भेट होण्यापूर्वीच मेटॉरस नदीकाठी तो मारला गेला. रोमनांनी त्याचे मस्तक हॅनिबलच्या छावणीपुढे टाकले. भावाची वार्ता त्याला अशी कळली.

कॅनीच्या संहारातून वाचलेल्यांत एक कोवळा तरुण होता. त्याचे नाव स्किपिओ. रोमने ज्याला शत्रू मानले, त्याच हॅनिबलला ह्या तरुणाने मनोमन गुरू मानले असावे. त्याने स्पेन जिंकला आणि इ. स. पूर्व २०४ मध्ये समुद्र ओलांडून तो आफ्रिकेत उतरला. घर संकटात आहे असे पाहून कार्थेजने हॅनिबलला परत बोलाविले. इ. स. पूर्व २०२ मध्ये झामा येथे दोघांची गाठ पडली. हॅनिबलजवळ ८० हत्ती होते. स्किपिओने सैन्याच्या रांगांत मोकळ्या वाटा ठेविल्या आणि कर्ण्यांचा एकच गजर केला. बिथरलेले हत्ती काही मागे फिरले आणि काही त्या वाटांनी निघून गेले. पायदळाची झुंज अटीतटीची चालू असता रोमच्या बाजूचे घोडदळ हॅनिबलच्या पाठीवर आले. कॅनीच्या मैदानावर शिकविलेला धडा त्याच्यावरच उलटला होता.

कार्थेजच्या सभेत एक सरदार तहाच्या विरुद्ध बोलू लागला. हॅनिबलने त्याला हाताला धरून व्यासपीठावरून खाली ओढले. लोक संतापले. तेव्हा त्याने क्षमा मागितली. आपण नवव्या वर्षी हे शहर सोडले आणि छत्तीस वर्षांनी परत आलो. छावणीच्या रीती आपल्याला ठाऊक आहेत, सभेच्या नाहीत, असे त्याने नम्रपणे सांगितले. तह झाला. दहा जहाजे सोडून सारे आरमार गेले, हत्ती गेले आणि पन्नास वर्षांत १०,००० टॅलंट चांदी देण्याचे ठरले. टॅलंट हे त्या काळचे वजन, सुमारे २६ किलोचे.

खंडणीसाठी वर्गणी गोळा होऊ लागली, तेव्हा सभेतील धनिकांच्या डोळ्यांत पाणी आले. हॅनिबल मात्र हसला. कोणी रागावून विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की हे हसू आनंदाचे नाही, जळत्या अंतःकरणाचे आहे. शस्त्रे गेली, आरमार जळाले, त्या दिवशी कोणी रडले नाही. आज स्वतःच्या थैलीला हात लागताच अश्रू आले.

इ. स. पूर्व १९६ मध्ये तो कार्थेजचा मुख्य न्यायाधिकारी झाला. तलवार ठेवून त्याने हिशेबाच्या वह्या हाती घेतल्या. जकातीचा पैसा कोठे मुरतो, हे त्याने शोधून काढले आणि अफरातफर करणाऱ्यांकडून तो वसूल करविला. लोकांवर नवा कर न बसविता खंडणी देता येईल, हे त्याने दाखवून दिले. न्यायाधीश तहहयात अधिकारावर बसून मनमानी करीत. त्यांची निवड दरवर्षी व्हावी, असा कायदा त्याने केला. पुढे इ. स. पूर्व १९१ मध्ये कार्थेजने उरलेली सारी खंडणी एकदम देऊ केली आणि रोमनेच ती घेण्याचे नाकारले! रणांगणात हरलेल्या सेनापतीने घरी मिळविलेला हा विजय त्याच्या कोणत्याही लढाईहून कमी मोलाचा नाही.

पण ज्यांचे खिसे रिकामे झाले, त्यांनी त्याच्याविरुद्ध रोमकडे चहाड्या केल्या. रोमचे वकील येताच हॅनिबल ओळखून चुकला. इ. स. पूर्व १९५ मध्ये एका रात्री घोड्यावर बसून तो समुद्रकाठी गेला आणि जहाजाने देशाबाहेर पडला. वाटेत एका बेटावर कार्थेजची जहाजे नांगरलेली होती. त्यांनी बातमी देऊ नये, म्हणून त्याने सर्व खलाशांना मेजवानी दिली आणि उन्हासाठी मांडव घालावयाचा म्हणून त्यांच्या जहाजांची शिडे मागून घेतली. मेजवानी रात्री उशिरापर्यंत रंगली. सकाळी खलाशी जागे झाले, तेव्हा हॅनिबल दूर निघून गेला होता.

सिरियाचा राजा अँटिओकस ह्याच्या आश्रयास तो काही वर्षे राहिला. बालपणीच्या शपथेची हकीकत त्याने सांगितली ती ह्याच राजाला. तो राजा रोमकडून हरला, तेव्हा हॅनिबल क्रीट बेटावर गेला. तेथल्या लोकांचा डोळा त्याच्या सोन्यावर होता. त्याने मडक्यांत शिसे भरून वरती थोडे सोने पसरले आणि ती मडकी मोठ्या समारंभाने मंदिरात ठेव म्हणून ठेविली. खरे सोने पोकळ पुतळ्यांत भरून ते पुतळे घराच्या अंगणात वाऱ्यावर टाकून दिले. लोक मडक्यांवर पहारा करीत राहिले आणि हा पुतळे घेऊन चालता झाला! शेवटी बिथिनियाचा राजा प्रुसियस ह्याच्या पदरी असता त्याने एका सागरी लढाईत सापांनी भरलेली मडकी शत्रूच्या जहाजांवर फेकविली. प्रथम शत्रू हसले. मडकी फुटून साप वळवळू लागले, तेव्हा मात्र ते लढाई विसरून पळाले.

रोमला मात्र स्वस्थता नव्हती. एक म्हातारा परमुलुखात जिवंत आहे, हेसुद्धा त्याला खपेना. इ. स. पूर्व १८३ च्या सुमारास रोमचा वकील प्रुसियसकडे आला आणि त्याने हॅनिबलला मागितले. दुबळ्या राजाने होकार दिला. हॅनिबलच्या घराला सात वाटा होत्या, असे म्हणतात. त्या साती वाटांवर पहारे बसले होते. शत्रूच्या हाती जिवंत पडावयाचे नाही, हा त्याचा निश्चय होता. तो त्याने पाळला. त्या वेळी त्याचे वय चौसष्ट वर्षांच्या आसपास होते. आजच्या तुर्कस्तानात गेब्झे ह्या गावी त्याचे स्मारक आहे.

इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमने कार्थेज जाळून टाकले. कार्थेजचे ग्रंथ गेले, हॅनिबलचे स्वतःचे लेखनही गेले. आज आपण त्याच्याविषयी जे वाचतो, ते बहुतेक सारे रोमनांनी आणि रोमच्या स्नेह्यांनी लिहिलेले आहे. स्वकीयांनी केलेली स्तुती पुष्कळांच्या वाट्याला येते. ज्याचा पराक्रम शत्रूला लिहून ठेवावा लागला, असे पुरुष विरळा.

नऊ वर्षांच्या मुलाच्या माथी पित्याने वैराची शपथ घातली. त्या शपथेपायी त्याने मित्र, भाऊ, दृष्टी आणि अखेर मायभूमीही गमावली. ती शपथ त्याने मोडली नाही. परंतु कार्थेजच्या लोकांना त्याने जे खरे सुख दिले, ते त्या शपथेतून आलेले नव्हते. ते आले एका वर्षाच्या चोख कारभारातून, हिशेबाच्या वह्यांतून आणि न्यायाच्या कायद्यातून. आल्प्सच्या बर्फातील हत्ती आपल्या स्मरणात सहज राहतात. त्यांच्या शेजारी दिव्याच्या उजेडात जकातीचा हिशेब तपासणारा हा एकाक्ष सेनापतीही आपण आठवणीत ठेवला पाहिजे.